विंगेतून दिलेलं वाक्य

नाटक कंपनीत तिला सगळे ‘टेप’ म्हणत. टेपरेकॉर्डरमधली टेप. एकदा कानावर पडलेलं वाक्य ती विसरत नसे, आणि बोलताना आवाज असा सपाट, की बातमी आनंदाची आहे की दुःखाची हे ऐकणाऱ्यानेच ठरवावं. नाव कपडेपट सांभाळणाऱ्या मावशींनी लाडाने ठेवलं होतं. बाकीच्यांनी ते टवाळीला वापरलं. दोन्हींतला फरक तिला जरा उशिरा कळला, पण कळला.

काम प्रॉम्प्टरचं. रंगमंचाच्या डाव्या विंगेत, पडद्याच्या आडोशाला स्टुलावर बसायचं. मांडीवर संहिता, हातात टॉर्च. नट अडला की त्याला पुढचं वाक्य द्यायचं. त्याला ऐकू गेलं पाहिजे, प्रेक्षकांना जाता कामा नये. पुष्कळांना ही शिक्षा वाटेल. ना टाळी, ना नाव, ना तोंडावर उजेड. तिला मात्र साऱ्या जगात तेवढी एकच जागा आपली वाटायची.

आता तुम्ही म्हणाल, अंधारातल्या स्टुलात असं काय आहे? तर असं आहे, की बाहेर माणसं कधी काय बोलतील त्याचा नेम नाही. शेजारीण म्हणते, “या की एकदा घरी,” आणि ही दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात उभी राहते, तर शेजारणीचा चेहरा उतरतो. कंपनीच्या ऑफिसात कुणी “कशी आहेस?” विचारतं, आणि ही कशी आहे ते नीट सांगायला लागते, तोवर विचारणारा जिन्याच्या खाली पोचलेला असतो. नाटकात ती भानगड नाही. कुणी काय बोलायचं ते आधीच लिहिलेलं, कुणी कुठे रागवायचं, कुठे हसायचं तेही ठरलेलं. पडदा उघडला की सगळी माणसं तिच्यासारखी व्हायची. आधी पाठ केलेलंच बोलायची. फरक एवढाच, की त्यांना त्याबद्दल टाळ्या मिळायच्या.

चाळिशीच्या तोंडावर धाकट्या बहिणीने तिला धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई शांत होत्या, प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबत होत्या. पुष्कळ प्रश्न झाल्यावर म्हणाल्या, “अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम. हल्ली हे नाव मागे पडलंय, स्वमग्नतेतच धरतात. पण तुम्ही वाचायला जाल तेव्हा दोन्ही नावं भेटतील.”

“म्हणजे मी विक्षिप्त नाही?”

“असालही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पण त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही.”

धाकटी हसली. मग हीसुद्धा हसली, थोड्या वेळाने. त्या बाई तिला फार आवडल्या.

कंपनीचा मुख्य नट म्हणजे दादा. वयाने, मानाने आणि पोटाने सगळ्यांत मोठा. पाठांतराचा त्याला मनापासून कंटाळा. “शब्द टेपकडे असतात, मी फक्त जीव ओततो,” असं तो मुलाखतींत सांगायचा आणि लोक त्याला विनय समजायचे. खरोखरच त्याचं असं झालं होतं, की विंगेतून आलेलं वाक्य तो न चावता गिळायचा आणि तसंच्या तसं बाहेर काढायचा. अर्थबिर्थ मागाहून.

आधीच्या एका नाटकात त्याने एका वाक्यानंतर मोठा विराम घेतला होता. हिला वाटलं, अडला. हिने शब्द दिला, तो पहिल्या रांगेपर्यंत गेला. मध्यंतरात दादा सगळ्यांदेखत तिच्यावर उखडला. “अगं, पॉज होता तो! पॉज कशाशी खातात ठाऊक आहे? ह्यापुढे मी कानाची पाळी धरली तरच शब्द द्यायचा. पण मग द्यायचाच. खणखणीत द्यायचा, पुटपुटायचं नाही. आणि स्वतःचं डोकं अजिबात चालवायचं नाही!”

“बरं,” ती म्हणाली. नियम असला की तिला बरंच वाटायचं.

तोच दादा नव्या नाटकाच्या तालमी सुरू व्हायच्या आधी एके दिवशी तिच्याजवळ येऊन बसला. प्रेक्षागृह रिकामं होतं, सुतार मागे सेट ठोकत होते. तो पायरीवर बसला, चक्क तिच्यापेक्षा खाली. “टेप, तुला ते जे काय आहे ना, डॉक्टरांनी सांगितलेलं, ते आतून कसं असतं गं? सांग ना मला. घाई नाही.”

असं तिला कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, पण ते त्यांचं कामच. ती सांगत गेली. फोन करायच्या आधी ती भिंतीसमोर उभी राहून सगळं संभाषण म्हणून बघते, ‘हॅलो’सकट, समोरच्याने ठरल्याबाहेर काही विचारलं की फोन ठेवून देते. गोंधळली की कानाची पाळी ओढते, ती लालबुंद होते. मग बाबांचं सांगितलं. बाबा गेले त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं, आणि ही दाराशी बसून आलेल्यांच्या चपला-बूट जोडीने लावत होती. मोठे एका बाजूला, लहान एका बाजूला. आत्या म्हणाली, पोरीच्या छातीत दगड आहे.

“मला रडू आलं नाही असं नाही,” ती दादाला म्हणाली. “ते कुठून बाहेर काढायचं ते सापडेना.”

दादाने तिचा हात हातात घेतला. तिला ते आवडलं नाही, पण तिने घेऊ दिला.

नव्या नाटकात दादा थोरल्या भावाची भूमिका करत होता. लेखकाने लिहिलेला भाऊ साधा, कंटाळवाणा, कुणी लक्षात ठेवू नये असा. तालमीच्या पहिल्याच आठवड्यात दादाने त्याला भिंतीसमोर उभं राहून फोनचं संभाषण म्हणायला लावलं. दिग्दर्शक हसून हसून वाकला. मग दादाने आवाज सपाट केला. मग कान ओढू लागला. प्रॉम्प्टर म्हणून ही सगळी भर संहितेत लिहून घ्यायचं काम तिचंच. पेन्सिलीने ती आपलीच वाक्यं त्याच्या नावापुढे लिहीत होती. तिला वाटलं, नट असंच काम करत असतील. एखादा तुकडा घेतात, मग बदलून टाकतात.

बदललं नाही. शुभारंभाच्या प्रयोगाला धाकटी तिसऱ्या रांगेत होती. दुसऱ्या प्रवेशात घरातले वडील वारतात, माणसं जमतात, आणि थोरला भाऊ दाराशी बसून चपला लावायला घेतो. प्रेक्षकांत खसखस पिकली. दादाने कान ओढला, तोंड भाकरीसारखं सपाट केलं आणि म्हणाला, “मला रडू आलं नाही असं नाही. ते कुठून बाहेर काढायचं ते सापडेना.” आणि खिसे चाचपू लागला. आधी सदऱ्याचा, मग पँटचे दोन्ही, मग मागचा. जणू रडू म्हणजे हरवलेली किल्ली. थिएटर कोसळलं. टाळ्या थांबेनात.

मधल्या सुटीत धाकटी आडवाटेने विंगेत घुसली. “ताई, बाबांचं सांगितलंस तू ह्याला?”

“त्याने विचारलं.”

“मी आत्ताच्या आत्ता त्याच्या तोंडावर जाऊन सांगते.”

“नको,” ही म्हणाली. “तो तुला मिठी मारेल, लोकांना म्हणेल ‘बघा, किती खरं वाटलं हिला.’ तू घरी जा. मी बघते.”

लोकांना वाटतं, अशा माणसाला राग येत नाही. चेहऱ्यावर दिसत नाही ना! तिचा राग दुधासारखा उतू जाणारा नव्हता. तो विस्तवावर ठेवलेल्या तव्यासारखा होता. वरून काळा, थंड, काही कळत नाही, आणि हात लावला की कातडं चिकटून बसतं. प्रयोगामागून प्रयोग होत गेले. दर प्रयोगाला बाबा नव्याने वारत होते आणि लोक नव्याने हसत होते. सगळ्यांत वाईट म्हणजे, ते वाक्यही दादाला पाठ नव्हतं. बऱ्याच वेळा तिथेच अडायचा, आणि आपल्याच बापाच्या मरणाचं वाक्य हिने त्याला हळूच द्यायचं. तो ते घ्यायचा, टाळी कमवायचा.

मनात पहिला विचार आला तो साधाच. द्यायचंच नाही. बस बोंबलत. पण शब्द राखून ठेवणं तिला जमेना. ते तिच्या कामाच्या विरुद्ध होतं. तिला असा सूड हवा होता, ज्यात तिचं काम चोख झालं असतं.

एक अडचण मात्र तिने वेळेवर सगळ्यांसमोर विचारून ठेवली होती. ती म्हणाली होती, “दादा, आता तुम्ही भूमिकेतच कान ओढता. मग शब्द कधी द्यायचा?”

दादा मेकअप पुसत होता. “ऐका! अगं, अभिनय कुठला आणि खरं कुठलं, एवढंही कळत नाही तुला?” सगळे हसले. मग तो औदार्याने म्हणाला, “नियम तो नियम, टेप. तू आपलं डोकं चालवू नकोस.”

तिला केव्हाच कळत होतं. खरोखर अडला की दादाच्या उजव्या पायाचा अंगठा वर उचलला जायचा. हे दादाला ठाऊक नव्हतं, त्याच्या बायकोलाही नसेल. इतके प्रयोग ती अंगठा बघून शब्द देत आली होती, कानाकडे तिचं लक्षही नसे.

वर्षाच्या उत्तम नटाचं बक्षीस ठरवणारे परीक्षक दुपारच्या एका प्रयोगाला येणार, असं कळलं. दादाने नवा सदरा शिवून घेतला. त्या दुपारी तिने स्टूल उचललं आणि पुढे, रंगमंचाच्या कडेला पायाशी ठेवलेल्या माईकजवळ नेऊन ठेवलं.

मावशी दादाचा कोट झटकत उभ्या होत्या. “स्टूल का गं सरकवलंस?”

“इथून नीट ऐकू जातं.”

मावशींनी माईककडे बघितलं, मग तिच्याकडे. “बाई गं,” एवढंच म्हणाल्या आणि कोट झटकत राहिल्या.

दुसरा प्रवेश आला. दादा चपलांपुढे बसला, हशा सुरू झाला. त्याने कान ओढला.

“मला रडू आलं नाही असं नाही,” विंगेतून आवाज आला. खणखणीत, सपाट. माईकने तो उचलून शेवटच्या रांगेपर्यंत नेऊन पोचवला.

दादा दचकला, पण ओघात होता. त्याने तेच वाक्य तसंच म्हटलं. आता ऐकणाऱ्यांना दोन्ही आवाज लागोपाठ ऐकू आले, आधी खरा, मग नक्कल. खऱ्यात गंमत नव्हती. खऱ्यात एक बाई होती, जिचे वडील वारले होते. समोरचा हशा एकदम पातळ झाला. दादाने घाबरून पुन्हा कान धरला.

“ते कुठून बाहेर काढायचं ते सापडेना.”

हे ऐकल्यावर कुणी हसलं नाही. दादाने वाक्य म्हटलं, सवयीने उठून खिसे चाचपले. एकजण हसायला गेला आणि मधेच खोकला. बाकी शांतता. एवढ्या मोठ्या थिएटरात दादा एकटाच मागचा खिसा चाचपत उभा.

मध्यंतर झालं तसे सगळे तिच्याभोवती गोळा झाले. दादाचा मेकअप घामाने ओघळला होता. “अक्कल आहे की नाही? परीक्षक बसलेत समोर!”

“तुम्ही कान धरलात,” ती म्हणाली. “कान धरला की द्यायचाच, खणखणीत द्यायचा. डोकं चालवायचं नाही.”

मॅनेजर काकांनी कपाळावर हात मारला. दादा तिच्याकडे बघत राहिला आणि बघता बघता त्याचा चेहरा मवाळ झाला. तिला चेहरे वाचायला वेळ लागतो, हा मात्र तिने लगेच वाचला. त्याला सुटकेचा रस्ता सापडला होता. “जाऊ द्या हो काका. तिचा दोष नाही. तिचा मेंदूच तसा आहे, सांगितलं तेवढंच कळतं. मुद्दाम कुणाचं वाईट करायचं म्हटलं तरी हिला नाही जमणार. बिचारी.” आणि वर तिच्या खांद्यावर थोपटलं. “परीक्षकांना मी सांगतो, आमच्याकडे एक अशी-अशी मुलगी आहे, आम्ही तिला सांभाळून घेतो. उलट चांगलंच वाटेल त्यांना.”

काकांनी मान हलवली. “बरोबर. टेप, तू काही मनाला लावून घेऊ नकोस. स्टूल मागे ने, कानाऐवजी काहीतरी दुसरी खूण ठरवू.”

सगळे पांगले. ती तिथेच उभी राहिली.

म्हणजे हेही गेलं. बाबा गेले होते, बूट गेले होते, फोन आणि कान गेले होते, आणि आता एवढ्या दिवसांचा जपून ठेवलेला राग, तोही ह्या माणसाने एका थोपटण्यात उचलून नेला. चांगलं वागावं तर लोक म्हणतात, आजारच तसा, कपट जमतच नाही ह्यांना. वाईट वागावं तर म्हणतात, आजारच तसा, कळत नाही ह्यांना. मग तिचं स्वतःचं म्हणून काही केलेलं कधी दिसायचं तरी कुणाला? गप्प बसली असती तर काम राहिलं असतं. अंधार, टॉर्च, ठरलेली वाक्यं, जगातली तिची एकुलती एक जागा. बिचारी म्हणून राहायचं, एवढीच अट.

घंटा झाली. तिने स्टूल मागे नेलं नाही.

शेवटच्या प्रवेशात थोरला भाऊ एकटाच पुढे येतो आणि लांबलचक बोलतो. हा भाग दादाने नेहमीच विंगेच्या भरवशावर ओढला होता. आज तर तो पार हबकलेला. दोन वाक्यं झाली आणि अंगठा वर गेला. हात कानाशी गेला. ह्यात अभिनयाचा कण नव्हता.

तिने टॉर्च विझवला. संहिता मिटली.

“ही वाक्यं माझी नाहीत,” ती म्हणाली.

“ही वाक्यं माझी नाहीत,” दादा म्हणाला, तिच्याच आवाजात, हात पसरून.

“एका बाईने विश्वासाने सांगितली होती.”

“एका बाईने विश्वासाने...” आणि त्याची जीभ तिथे अडकली. अर्थ मागाहून पोचला होता. तोंड उघडं, हात पसरलेले, आणि अख्ख्या थिएटरादेखत दादाने मान वळवून विंगेत बघितलं. इतक्या वर्षांत नवख्या पोरांना ज्यासाठी तो शिव्या घालायचा, तेच त्याने केलं. प्रेक्षकांच्या मानाही वळल्या.

तिने त्याला तसंच उभं ठेवलं. तो म्हणायचा तेवढा मोठा पॉज घेऊ दिला. मग पुढचं खरं वाक्य दिलं, स्वच्छ, शब्द न् शब्द. दादाने ते घेतलं. न घेऊन जातो कुठे? पुढचंही घेतलं. शेवटपर्यंत ती एकेक वाक्य देत गेली आणि तो शाळेतल्या मुलासारखा मागून म्हणत गेला. पडदा पडला तेव्हा टाळ्या वाजल्या, पण घरी जायची घाई असलेल्या माणसांच्या.

रंगपटात काका म्हणाले, “टेप, गडबडीत पान चुकलं का गं? तसं असेल तर तसं सांग. मी सांभाळून घेतो.”

त्यांनी किती प्रेमाने विचारलं, ते तिला कळलं. “पान चुकलं नाही,” ती म्हणाली. “ते वाक्य कुठल्याच पानावर नाही. मी मुद्दाम केलं. पहिल्या भागातलंही मुद्दाम. स्टूलही मुद्दाम.”

“अगं, काय बोलतेस तुला समजतंय का? मला तुला ठेवता येणार नाही.”

“समजतंय.”

दादा आरशासमोर बसला होता. तो वळला नाही, आरशातूनच म्हणाला, “का पण? मी काय वाईट केलं तुझं? सांग तरी. माझ्याशी बोल.”

ती सांगणार नव्हती. सांगितलं असतं तर पुढच्या नाटकात त्याने तेही घेतलं असतं. तिने टॉर्च पर्समध्ये टाकला आणि निघाली. दारात मावशी भेटल्या. त्यांनी तिला जवळ-बिवळ घेतलं नाही, त्यांना ठाऊक होतं. फक्त म्हणाल्या, “माझ्या हातात इस्त्री होती गं, नाहीतर मीच टाळी वाजवली असती.”

आठवड्याभराने काकांचा फोन आला. ठरल्याबाहेरचा, पण तिने ठेवला नाही. नवी मुलगी बसवली होती, तिचा आवाज दादाला ऐकूच येईना. दर वाक्याला अडत होता, घामाघूम होत होता, विंगेकडे बघायची सवयच लागली होती. “तू ये,” काका म्हणाले. “दादाही तयार आहे. माफी मागतो म्हणतो.”

“माफी नको. माझं आहे तेवढं काढून ठेवा म्हणावं. फोन, कान, बूट, खिसे. आवाज.”

“अगं, मग त्या भूमिकेत उरतं काय?”

“जे लेखकाने लिहिलं होतं ते.”

“त्याला कोण येणार बघायला?”

“ते मला कसं ठाऊक असणार, काका?” ती म्हणाली, आणि हे तिने अगदी खरं उत्तर म्हणून दिलं. काका म्हणाले, विचारून सांगतो. पुन्हा फोन आला नाही.

दिवस कठीण गेले. संध्याकाळ झाली की पाय आपोआप थिएटरच्या रस्त्याला लागायचे, मग कोपऱ्यावरून परत फिरायचे. स्टूल आठवायचं, तो अंधार आठवायचा. पस्तावा मात्र झाला नाही. धाकटीने दोन-तीनदा आडून विचारून बघितलं, तेव्हा तिने सरळ सांगितलं, “वाईट वाटतं. पण परत वेळ आली तर परत करीन.”

मग एका सकाळी धाकटी कामावर निघता निघता उभ्या उभ्या पेपर चाळत होती, तर नाटकांच्या जाहिरातींशी थांबली. पर्स पुन्हा टेबलावर ठेवली. “ताई, ऐक. ‘मुख्य नटाची प्रकृती ठीक नसल्यामुळे पुढील सर्व प्रयोग रद्द करण्यात आले आहेत. रसिकांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’”

ही पोळपाट पुसत होती. हात थांबला.

“परत वाच,” ती म्हणाली.

धाकटीने परत वाचलं.

“सावकाश.”

धाकटी खुर्ची ओढून बसली, तिला उशीर होत होता तरी. घसा साफ केला, आणि एकेका शब्दावर थांबत, सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात, पहिल्यापासून वाचायला लागली.